एकच गार्नेट, दोन सौदे
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, अंतिम फेरी आटोपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. फेब्रुवारीत लोक पंचांच्या नावाने बोटं मोडतात. जूननंतर प्रत्येक वाचक आपापल्या संघाचा जनरल मॅनेजर होतो. २०२५ च्या उन्हाळ्यातली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत: संघ गाळात रुतलाय, हातात ड्राफ्टची (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीची) पिकं, म्हणजे निवडीचे हक्क, आहेत, मग ती देऊन मुरलेले खेळाडू का आणू नयेत? त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. आणि हो, 'पिक'चं अनेकवचन मी 'पिकं' असंच करतो. शेतातल्या पिकांशी घोळ झाला तरी हरकत नाही. पेरणीआधी विकलेल्या पिकाचं जे होतं, तेच बहुतेकदा यांचंही होतं.

प्रश्न: मी शिकागोपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. २०११ मध्ये डेरिक रोझ एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला तेव्हा शिकागो बुल्सच्या नादी लागलो, ते आजतागायत सुटका नाही. गेल्या तीन मोसमांत आमचे विजय ४०, ३९ आणि ३९. तिन्ही वर्षं प्ले-इनमध्ये (बाद फेरीच्या शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यांत) मायामी हीटकडून हरून घरी. आता मात्र आमची स्वतःची पहिल्या फेरीची सगळी पिकं आमच्याकडे आहेत. एकोणीस वर्षांची पोरं मोठी व्हायची वाट बघण्यापेक्षा त्यातली तीन-चार देऊन तिशी ओलांडलेले दोन खमके खेळाडू आणले, तर काय बिघडेल?
– एक वाचक, इलिनॉय

उत्तर: काय बिघडतं ते तुमच्याच संघाने एकदा करून दाखवलंय, तिकडे येतोच. त्याआधी एक जखम उकरतो, माफ करा.

२०२४-२५ चा मोसम संपला तेव्हा शिकागो आणि डॅलस दोघांच्याही नावावर ३९ विजय आणि ४३ पराभव होते. बरोबरी सोडवायला चिठ्ठी काढली, ती डॅलसच्या बाजूने गेली. ड्राफ्टचे पहिले क्रमांक लॉटरीने ठरतात; तिच्या यंत्रात १४ चेंडू असतात, त्यातले चार निघतात, आणि आकड्यांचे हजार संच संघांना आधीच वाटून दिलेले असतात. डॅलसला १८ संच मिळाले, शिकागोला १७. मे महिन्यात निघालेला संच डॅलसच्या अठरांपैकी होता. त्या ड्राफ्टमधला सगळ्यांत मोठा मोहरा, कूपर फ्लॅग, डॅलसला गेला, तुम्हाला बारावा क्रमांक मिळाला.

आता हे तुम्हाला चिडवायला सांगत नाहीये. तुमच्यासारख्या अधल्यामधल्या संघाचं पिक म्हणजे नेमकं काय, ते यात दिसतं. एरवी बाराव्या क्रमांकाचा पोरगा, आणि हजारात सतरा वेळा फ्लॅग. विकताना दोन्ही एकदमच विकले जातात, आणि समोरचा मॅनेजर भाव मात्र बाराव्या पोराचाच देतो.

माझ्याकडे एक लांबुडकी हिशेबाची वही आहे. २००७ पासून प्रत्येक मोठ्या ट्रेडला (संघांमधल्या देवघेवीला) मी त्यात एक पान देतो. डावीकडे काय दिलं, उजवीकडे काय आलं, आणि खाली जागा कोरी सोडायची. ती पिकं खरोखर कुठल्या क्रमांकावर पडली आणि कोण निवडला गेला, ते कळेल तसं भरायचं. या वहीतली दोन पानं मी सगळ्यांना दाखवतो, कारण दोन्हींत एकच माणूस आहे, केव्हिन गार्नेट, आणि दोन्हींत बॉस्टनच्या बाजूने सही करणाराही एकच, डॅनी एंज.

पहिलं पान २००७ चं. बॉस्टन सेल्टिक्सने त्या मोसमात २४ सामने जिंकले, ५८ हरले. मध्ये सलग १८ पराभव. त्यांचा मुख्य खेळाडू पॉल पिअर्स जखमी होऊन बाकावर. लीगमध्ये त्यांच्यापेक्षा वाईट फक्त मेम्फिस. लॉटरीत पहिले दोन क्रमांक म्हणजे ग्रेग ओडन किंवा केव्हिन ड्युरांट, आणि सेल्टिक्स घसरले थेट पाचव्यावर. तुमच्यासारखाच प्रश्न तिथे उभा राहिला. एंजने पाचव्या क्रमांकाचं पिक आणि दोन खेळाडू सिअ‍ॅटलला देऊन रे ॲलन आणला. मग महिनाभरात पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीची दोन पिकं मिनेसोटाला देऊन गार्नेट आणला. पाचांतला अल जेफरसन बावीस वर्षांचा होता आणि खरोखर चांगला होता; तो देताना हात थरथरला असणार. पुढच्या मोसमात ६६ विजय, १६ पराभव आणि जून २००८ मध्ये लेकर्सना ४-२ हरवून विजेतेपद. एका वर्षात ४२ विजयांची उडी.

हे पान वाचून लोक खूश होतात आणि वही मिटतात. तुम्ही मिटू नका.

दुसरं पान २०१३ चं. या वेळी एंज विकणारा, घेणारे ब्रुकलिन नेट्स. गार्नेट ३७ चा, पिअर्स आणि जेसन टेरी ३५ चे. नेट्सने दिली २०१४, २०१६ आणि २०१८ ची पहिल्या फेरीची पिकं, वर २०१७ मध्ये पिक अदलाबदलीचा हक्क, म्हणजे बॉस्टनला हवं तर आपलं पिक देऊन नेट्सचं घेता येणार. कशावरच संरक्षण नाही, म्हणजे पिक पहिल्या क्रमांकाचं निघालं तरी जाणार. मी त्या उन्हाळ्यात एका मित्राशी पैज लावली होती की नेट्स दोन वर्षांत अंतिम फेरी खेळतील. पैज हरलो आणि शिवाय वहीतल्या त्या पानावर माझ्याच हाताने लिहिलेलं 'झकास सौदा' अजून तसंच आहे. खोडायचं नाही असं ठरवलंय.

काय झालं? आदल्या मोसमात ४९ सामने जिंकणाऱ्या नेट्सने मुरलेल्यांना घेऊन ४४ जिंकले. टोरोंटोविरुद्धचा सातवा सामना पिअर्सने शेवटच्या क्षणी काइल लाउरीचा फटका अडवून एका गुणाने काढला, मग मायामीने ४-१ ने गुंडाळलं. टेरी तर त्या मोसमातच गेला. पिअर्स २०१४ च्या उन्हाळ्यात गेला, गार्नेट २०१५ च्या फेब्रुवारीत. खेळाडू संपले आणि पिकं चालूच. २०१५-१६ मध्ये नेट्सचे २१ विजय, पिक तिसरं, बॉस्टनने जेलन ब्राउन घेतला. २०१६-१७ मध्ये २० विजय, अदलाबदलीत बॉस्टनकडे पहिला क्रमांक. तो त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन तिसरा आणि आणखी एक पिक घेतलं आणि जेसन टेटम निवडला. २०१८ चं पिक कायरी अर्विंगच्या ट्रेडमध्ये क्लीव्हलँडला गेलं. २०२४ मध्ये ब्राउन आणि टेटम यांच्या बळावर बॉस्टन विजेतं झालं आणि अंतिम फेरीचा एमव्हीपी ब्राउन ठरला. त्या पानाखालची कोरी जागा भरायला मला अकरा वर्षं लागली.

मग २००७ मध्ये बरोबर आणि २०१३ मध्ये चूक, असं का? लोक म्हणतात, बॉस्टनकडे पिअर्स आधीपासून होता, म्हणून. खरं आहे, पण पुरेसं नाही. मी एक बाळबोध बेरीज करतो. येणाऱ्या खेळाडूचं वय घ्या, त्यात शेवटचं पिक पडायला किती वर्षं आहेत ती मिळवा. २०१३: ३७ आणि ५, म्हणजे ४२. बेचाळिसाव्या वर्षी खेळत नसलेल्या माणसाची किंमत नेट्स फेडत होते. २००७: गार्नेट ३१, बॉस्टनचं पिक पडलं २००९ मध्ये, म्हणजे ३३. आणि ते पिक पडलं २८ व्या क्रमांकावर, कारण त्या वर्षी बॉस्टनने ६२ सामने जिंकले होते. ज्याच्यासाठी पिक दिलं तो माणूस ते पिक पडायच्या वेळी अजून खेळत होता, त्यामुळे दिलेली वस्तू आपोआप स्वस्त झाली.

पिकाचा भाव देताना ठरतच नाही. तो पुढे तुम्ही किती हरता त्यावर ठरतो. म्हणून पिक विकणं म्हणजे अमुक साली आपण बरे खेळू अशी हमी लिहून देणं. साठ सामने जिंकणारा संघ ती हमी देऊ शकतो. चाळीस जिंकणारा कुठल्या भरवशावर देणार?

आता तुमचं पान, मार्च २०२१. शिकागोचे १९ विजय, २४ पराभव, आणि व्यवस्थापनाने नेमकं तुम्ही म्हणता तेच केलं. ऑर्लँडोकडून तीस वर्षांचा निकोला वूचेविच आणला. वेंडेल कार्टर, ऑटो पोर्टर आणि पहिल्या फेरीची दोन पिकं दिली. पिक पहिल्या चारांत आलं तर आपल्याकडेच राहील, एवढं संरक्षण ठेवलं. मोसम संपला ३१-४१ वर. पिक आठवं पडलं आणि ऑर्लँडोने फ्रान्झ वॅगनर घेतला. दुसरं २०२३ मध्ये पडलं, अकरावं. मधल्या काळात डमार डरोझन आला (त्यातही एक पिक गेलं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये झॅक लव्हीनच्या ट्रेडमध्ये परत मिळालं), ४६ विजयांचा एक सुंदर मोसम झाला, लोंझो बॉलचा गुडघा गेला, आणि मग ते ४०-३९-३९.

कबूल करतो, माझी बेरीज इथे नापास झाली. ३० आणि २ म्हणजे ३२. आकडा काही भयंकर नाही. वूचेविच वाईटही खेळला नाही. पण तो आला तेव्हा ज्याचं काम पूर्ण करायला तो आला असा माणूसच संघात नव्हता. मुरलेला खेळाडू उरलेलं काम पुरं करतो, कामाला सुरुवात करणं त्याच्याने होत नाही. बॉस्टनकडे पिअर्स होता आणि राजाँ राँडो एकवीस वर्षांचा होता. मिनेसोटाने २०२२ मध्ये तीस वर्षांच्या रूडी गोबेरसाठी चार पिकं, एक अदलाबदल आणि पाच खेळाडू दिले. शेवटचं पिक २०२९ चं. माझी बेरीज ३७, आणि त्या वर्षी मी त्यांना मनसोक्त हसलो. पण त्यांच्याकडे अँथनी एडवर्ड्स होता, एकवीसही पूर्ण नव्हते. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षं ते पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले. २०२९ मध्ये गोबेर असेल-नसेल, एडवर्ड्स सत्तावीसचा असेल. हमी त्याच्या नावावर आहे.

तुमच्याकडे २०२९ ची हमी कोणाच्या नावावर लिहायची? जॉश गिडी? माटास बुझेलिस? मला दोघंही आवडतात, बुझेलिस तर फारच. पण 'आवडतो' आणि 'हमी देतो' यांत अंतर आहे.

तेव्हा माझं मत: आत्ता नाही. बुझेलिस दोन मोसम खेळू द्या. तोवर पिक द्यायचंच झालं तर सव्वीस-सत्तावीसच्या वरच्या माणसासाठी देऊ नका, दोन वर्षांपलीकडचं देऊ नका, आणि पहिल्या दहाचं संरक्षण घातल्याशिवाय सही करू नका. असा सौदा समोरचा मान्य करणार नाही म्हणता? मग तो सौदा तुमच्यासाठी नव्हताच. आणि नुसत्या पिकांवर कोणी येतही नाही, पगाराची जुळणी लागते. वेतनमर्यादेच्या वर असलेल्या संघाला साधारण तेवढ्याच पगाराचे खेळाडू परत द्यावे लागतात, म्हणजे तुमच्या दोन खमक्यांसाठी आजचे तीन-चार खेळणारेही जातील. हा भाग पत्रात कोणीच लिहीत नाही.

प्रश्न: संरक्षण, अदलाबदल, एक वर्ष सोडून एक पिक… बातम्या वाचताना डोकं गरगरतं. सरळ द्यायचं तर द्यावं, नाही तर नाही. ही भानगड कोणी सुरू केली?
– एक वाचिका

उत्तर: वर्ष सोडून देण्याची भानगड एका मालकाच्या कर्तृत्वामुळे सुरू झाली. टेड स्टेपियन १९८० ते १९८३ क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्सचे मालक होते. त्यांनी पहिल्या फेरीची पिकं अशी वाटली की शेवटी लीगला त्यांच्या ट्रेडवर नजर ठेवावी लागली. बरीचशी डॅलसच्या पदरात पडली; १९८४ चा सॅम पर्किन्स त्यातलाच. संघ विकायला काढला तेव्हा घेणाऱ्या गंड बंधूंना लीगने वरकड पिकं दिली, नाही तर रिकामं घर कोण विकत घेणार? तेव्हापासून नियम आहे की पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचं पिकच हाती नाही, अशी वेळ कुठल्याही संघाने स्वतःवर आणायची नाही. त्याला स्टेपियन यांचंच नाव आहे. आणि सात वर्षांपलीकडचं पिक देता येत नाही.

आता वरच्या उत्तरातली नेट्सची सालं पाहा: २०१४, २०१६, २०१८. मधली वर्षं नियमाने वाचलेली. पण २०१७ मध्ये अदलाबदल आहे ना? ती नियमात बसते, कारण अदलाबदलीनंतरही हातात पहिल्या फेरीचं एक पिक राहतंच, भले ते सत्ताविसावं असो. पळवाट म्हणा, पण कायदेशीर.

संरक्षणाची गोष्ट मात्र ओटिस थॉर्पशिवाय सांगताच येत नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये व्हँकुव्हर ग्रिझलीजने ३५ वर्षांच्या थॉर्पसाठी डेट्रॉइटला भविष्यातलं एक पिक दिलं. थॉर्प भला खेळाडू होता, १९९४ मध्ये ह्यूस्टनबरोबर विजेता झालेला. व्हँकुव्हर तेव्हा लीगमधलं कोवळं पोर, दोन वर्षांचं, हरून हरून थकलेलं. थॉर्प पुरता मोसमही टिकला नाही, फेब्रुवारीत त्याला सॅक्रामेंटोला पाठवलं. पिक मात्र संरक्षणामुळे वर्षानुवर्षं पुढे ढकललं जात राहिलं. मधल्या काळात संघच मेम्फिसला गेला. शेवटी २००३ उजाडलं आणि संरक्षण उरलं फक्त पहिल्या क्रमांकापुरतं.

मे २००३ च्या लॉटरीत शेवटची दोन पाकिटं राहिली, क्लीव्हलँड आणि मेम्फिस. पहिला क्रमांक आला तर पिक मेम्फिसचं आणि लेब्रॉन जेम्स मेम्फिसचा. दुसरा आला तर काहीच नाही, पिक डेट्रॉइटचं. मेम्फिसच्या बाजूने जेरी वेस्ट बसले होते. दुसरं पाकीट उघडलं तेव्हाचा त्यांचा चेहरा बघितला की मला आजही पाणी प्यावंसं वाटतं. सहा वर्षांपूर्वीच्या अर्ध्या मोसमाची ती किंमत.

आणि पुढची गंमत ऐका. डेट्रॉइटने त्या दुसऱ्या क्रमांकावर डार्को मिलिचिच घेतला. त्याच्यामागे कार्मेलो अँथनी, क्रिस बॉश, ड्वेन वेड उभे होते. डार्को बाकावरच बसला, आणि तरीही डेट्रॉइट २००४ मध्ये विजेतं झालं, मुरलेल्या पाचांच्या जोरावर. म्हणून पिकांची पूजा करणाऱ्यांनाही मी सांगतो: बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तूर घरात येईपर्यंत तिचं वरण होत नाही.

प्रश्न: दुसऱ्या फेरीची पिकं लोक ट्रेडमध्ये चिल्लरसारखी टाकतात. त्यांना काही किंमत आहे का?

उत्तर: बहुतेकांना नाही. निकोला योकिच ४१ वा होता आणि जेलन ब्रन्सन ३३ वा, हे खरं; पण अशी नावं बोटांवर मोजावी लागतात आणि न टिकलेल्यांची यादी कोणी ठेवत नाही. मात्र चिल्लर साठवणाऱ्याला बाजारात मान असतो. पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न: मी शाळेच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. 'तरुण संघात अनुभवी खेळाडू हवेत, ते शिकवतात' असं समालोचक सतत म्हणतात. मला हा शुद्ध भंपकपणा वाटतो. खेळाडू शिकवायला येतो की खेळायला? आणि अशा 'शिकवणीसाठी' पिक द्यावं का?
– एक प्रशिक्षिका

उत्तर: अर्धा भंपकपणा आहे. उरलेल्या अर्ध्याचा मी साक्षीदार आहे.

मी कॉलेजच्या संघाला शिकवत असताना एका मोसमात वयाने बराच मोठा असा एक सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) आमच्यात आला. गुडघे गेलेले, उडी नाही. पण बचावात तो सतत बोलायचा. 'डावीकडे स्क्रीन', 'मी आहे', 'सोड, बदल'. मी तीन वर्षं ओरडून जे शिकवू शकलो नव्हतो ते आमची पोरं त्याच्यासोबत सहा आठवड्यांत करायला लागली, कारण तो बोलला की लगेच पुढच्या सेकंदाला त्याचं खरं व्हायचं. शिट्टी गळ्यात अडकवून कडेला उभ्या राहिलेल्या माणसाला ती सोय नसते.

पण तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर डेट्रॉइटने दिलंय. २०२३-२४ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्स सलग २८ सामने हरले. मोसमाअखेर १४ विजय, ६८ पराभव. त्यांचा प्रमुख खेळाडू केड कनिंगहॅम रोज दोन-तीन बचावपटूंच्या गर्दीत घुसत होता, कारण बाहेरून नेम लावणारं कोणी नव्हतं आणि प्रतिस्पर्धी निवांत आत दाटी करत होते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी टोबायस हॅरिस आणला, मलिक बीझली आणला, टिम हार्डवे ज्युनिअर आणला. पहिल्या फेरीचं पिक किती दिलं? एकही नाही. हॅरिस आणि बीझली वेतनमर्यादेत मोकळी जागा होती म्हणून करार करून आले. हार्डवेच्या बाबतीत तर उलटंच झालं. डॅलसला त्याचा पगार नको होता, म्हणून त्यांनी त्याच्यासोबत दुसऱ्या फेरीची तीन पिकं डेट्रॉइटला दिली आणि बदल्यात क्वेंटिन ग्राइम्स नेला. वर विचारलेली चिल्लर ती हीच.

बीझलीने त्या मोसमात ३१९ तीन-गुणी टाकले. समोरच्यांना बाहेर यावंच लागलं, केडला वाट मिळाली, आणि पिस्टन्स ४४-३८. चौदाचे चव्वेचाळीस. प्रशिक्षकही बदलला होता, पोरंही वर्षाने मोठी झाली होती, सगळं श्रेय तिघांना देणार नाही. पण दुबळ्या संघाला हवा असलेला मुरलेला खेळाडू बहुधा ज्याच्यासाठी पिक मागतात तो नसतो. तो कुठल्या तरी दुसऱ्या संघाच्या पगारपत्रकावर जड झालेला असतो आणि त्याला उचलून नेणाऱ्याला वर दक्षिणा मिळते.

तुमच्या मुलींसाठी मात्र एक वरच्या वर्गातली बडबडी मुलगी शोधा. उंची बघू नका.

प्रश्न: मी ७१ वर्षांचा आहे. १९७९ मध्ये न्यू जर्सीला आलो, तेव्हापासून न्यूयॉर्क निक्सचा. त्यांचं शेवटचं विजेतेपद १९७३ चं, म्हणजे मी यायच्या आधीचं. २०२४ मध्ये आमच्या लोकांनी मिकाल ब्रिजेससाठी पहिल्या फेरीची पाच पिकं दिली तेव्हा माझ्या मुलाने कपाळावर हात मारला, 'बाबा, २०३१ पर्यंतचं सगळं घालवलं' म्हणाला. मला मात्र आनंद झाला. २०३१ मध्ये मी ७७ चा असेन. तुमच्या हिशेबात माझ्यासारख्याचं वय धरता का?

उत्तर: पत्र वाचून वही उघडली आणि लक्षात आलं की नाही, अठरा वर्षांत एकदाही धरलं नाही. खेळाडूचं वय धरतो, पिकाचं साल धरतो, मालकाची घाईसुद्धा धरतो. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो तिसऱ्या रांगेतला माणूस कुठेच नाही.

तरी हिशेब मांडून दाखवतो, चिरंजीवांना वाचून दाखवा. ब्रिजेस तेव्हा २७ चा. निक्सची स्वतःची पिकं २०२५, २०२७, २०२९ आणि २०३१ ची, सगळी बिनसंरक्षणाची, पाचवं मिलवॉकीचं, वर २०२८ ची अदलाबदल. बेरीज ३४, म्हणजे गार्नेटच्या पहिल्या पानाच्या जवळ, दुसऱ्यापासून लांब. हमी निक्सचा हुकमी खेळाडू जेलन ब्रन्सन याच्या नावावर. त्यातलं पहिलं पिक जून २०२५ मध्ये पडलंसुद्धा, २६ वं. एवढ्यासाठी कोणी कपाळावर हात मारत नाही. २०२९ आणि २०३१ ची गोष्ट वेगळी. तिथे मुलाची भीती रास्त आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. ब्रन्सन तेव्हा तिशी ओलांडून बराच पुढे गेलेला असेल.

पण मे २०२५ मध्ये तुम्ही जागे होतात का? नक्कीच असणार. बॉस्टनविरुद्ध, गतविजेत्यांविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर. पहिल्या सामन्यात निक्स वीस गुणांनी मागे पडून परत आले आणि जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी ब्रिजेसने जेलन ब्राउनच्या हातातून चेंडू काढून घेतला. दोन दिवसांनी पुन्हा वीस गुणांची पिछाडी, पुन्हा शेवटचा क्षण, आणि या वेळी टेटमच्या हातातून. म्हणजे नेट्सच्या त्या पिकांमधून उगवलेले दोघंही, आणि चेंडू काढून घेणारा नेट्सनेच पाच पिकांना विकलेला. निक्सने ती मालिका ४-२ ने जिंकली आणि २००० नंतर पहिल्यांदा पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत गेले. इंडियानाने तिथे अडवलं, ते असो.

त्या दोन रात्रींसाठी वहीत रकाना नाही. आज आखून घेतला आहे, आणि त्यात पहिली नोंद तुमची आहे: वय ७१, दोन सामने. २०३१ च्या जूनमध्ये शेवटचं पिक कुठे पडलं ते मी लिहीनच. तोवर मुलाशी पैज लावू नका, मी लावली होती.